आत्याबाईंसकट

१९ फेब्रु.
आज हळद शिजवली. शिजवणारा बालाजी औंढ्याकडचा, ट्रॅक्टरमागे वाफेचा कुकर जोडून गावोगाव फिरतो. हळकुंडात काडी टोचून शिजली का ते बघतो. मी काडीकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. लिहून टाकते, कोण वाचणार आहे. त्याने लिंबाखालच्या ढिगाकडे हात करून विचारलं, "ताई, हे बी घ्यायचं का?" मी हो म्हटलं.
ते बेणं होतं. पुढच्या लावणीसाठी राखलेलं सगळं बेणं शिजवलं मी, आता ते उगवायचं नाही.
आत्याबाई: "सुनंदा, ध्यान कुठं व्हतं तुझं?"

२१ फेब्रु.
गाव हसतंय. आत्याबाईंनी मात्र पुन्हा विषय काढला नाही. साखऱ्याला, माझ्या सासरी, नवऱ्याने दुसरी बायको आणली, तेव्हा स्वतःच्या पोटच्या लेकाला "तू तिला ठेव, मी हिला घेऊन चालले" म्हणून माझ्यासोबत निघालेली ही सासू. फारकत होऊन तीन वर्षं झाली. कागदावर आम्ही एकमेकींच्या कोणी नाही. कुरुंद्याची ही एकरभर जमीनही त्यांच्या माहेरची. त्यांचं बेणं घालवलं, याचं जास्त लागतंय.

४ मार्च
बालाजी टेम्पोत बेणं घेऊन आला. स्वतःच्या रानातलं. "म्या विचारलं, पण नीट विचारलं न्हाई," म्हणाला. चूक माझी, पण वाटून घेतली. आज ताई म्हणाला नाही.

२८ मार्च
बेणं नीट झाकलंय का बघायच्या निमित्ताने तीनदा येऊन गेला. बायको वारून सहा वर्षं झालीत. कमी बोलतो. मागे एकदा मी सांगून बसले, दारात मोटारसायकल वाजली की अजून नवरा पिऊन आला असं वाटतं. तेव्हापासून गाडी वळणावर बंद करून चालत येतो.

१७ एप्रिल
त्याची थोरली बहीण आमच्या लग्नाची बोलणी करायला आली. पोहे, चहा. चांगलं चाललं होतं. मग: "सासूबाईंना लेकाकडं जाऊ द्या की. सुनेच्या दुसऱ्या घरी कोणी सासू येती का?" बालाजी कपात बघत बसला. आत्याबाई म्हणाल्या, "बराबर हाय."
मला दोघांचाही राग आला.

१८ एप्रिल
सकाळी उठले तर आत्याबाईंची पिशवी भरलेली. साखऱ्याला जाते म्हणे. मी पिशवी उपसली.
"माझ्यापायी काहून अडून राहिली तू?"
"अडत नाही. मला तुम्ही पाहिजेत."
दोघी रडलो, मग भाकरी खाल्ल्या.
बालाजीला फोन केला. आत्याबाईंसकट विचारायचं असेल तर विचारा. नाहीतर हळद शिजवायला या, तेवढं पुरे. तो "बरं" म्हणाला. बरं म्हणजे काय...

१२ मे
फोन नाही. शिवायला आलेल्या एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, उसवत बसले. राग आहे. वाट बघतेय, हेही खरं.

३ जून
लावण चालू. दुपारी आला, एकटाच. माझ्याशी नाही, आत्याबाईंशी बोलला. "अक्का न्हाई म्हणाली. तिला समजावण्यात येळ गेला, तरी न्हाईच म्हणाली. हंगामात मी फिरतीवरच असतो. बाकीचे महिने इथं राहिलो तर तुमाला तकलीफ व्हईल का?"
म्हणजे घरजावई, आणि तोही बायकोच्या पहिल्या सासूकडे. गावाला वर्षभर पुरेल.
"मला कशाची तकलीफ? तिला विचारा."
मी खरं तेच सांगितलं, मला भीती वाटते. तो म्हणाला, "मला बी."
आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दोघं बी भिऊन राहिले, मंग व्हय कोणी म्हणावं? मी म्हणू का?"
हसू आलं. पण ते मलाच म्हणायचंय. अजून म्हटलेलं नाही.