सुमीचं लेझर

४ जाने. २००५, जाफराबाद
सुमीनं आज चष्मा फोडला. दिवाळीपासून चौथा. बसवला की ओढून फेकते. नऊ नंबर, चष्म्याशिवाय हाताच्या पलीकडं सगळं धूसर. वीस वर्षांची पोर, पण समज तीन-चार वर्षांची. तिला काय रागवायचं? तरी रागवलो. तिची आई असती तर मलाच झापलं असतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. घरात बोलणारा मी एकटाच.

१५ जाने.
औरंगाबादला दाखवून आलो. डोळ्यांचं लेझर होईल, नंबर जाईल म्हणाले. बाकीच्यांचं नुसते थेंब टाकून जागेपणीच करतात, पण ही क्षणभर स्थिर पडायची न्हाई. पूर्ण भूल द्यावी लागेल. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी पोटात काही नको. भुलीत उलटी झाली तर जिवावर बेततं." संमतीच्या कागदावर सही केली.

१६ जाने.
आक्काचा जालन्याहून फोन. "आहे तशी राहू दे की रे पोरीला. तिला काय कलेक्टर व्हायचंय?" फोन आपटला. थोरली बहीण, वाईट काय बोलली? भीती मलाही आहेच. सुमी भुलीतून उठलीच न्हाई तर मी स्वैपाक कोणासाठी करू?

२ फेब्रु.
आज व्हायचं होतं. झालं न्हाई. चूक माझीच.
महत्त्वाच्या कामाला निघताना हिची आई हातावर दही-साखर ठेवायची. परीक्षा असो, दवाखाना असो. पहाटे मी तसंच सुमीच्या हातावर ठेवलं. तिनं चाटून खाल्लं. बिलकुल ध्यानात आलं न्हाई. देवाला नमस्कार केला, पाचची एसटी धरली.
भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही खाल्लं का?" छातीठोक सांगितलं, न्हाई. तिला आत नेऊन राह्यले होते तेव्हा एकदम आठवलं. पळत गेलो. "थांबा! दही दिलंय!"
बाई म्हणाल्या, "तुम्ही तर शिकलेले, गुरुजी."
जन्मभर पोरांना सांगितलं, सूचना नीट वाचा. मोठा शहाणा!

१६ फेब्रु.
झालं एकदाचं. दोन्ही डोळे. दही न्हाई, काही न्हाई, नुसतं कुंकू लावून नेलं.
बाहेर बाकावर एकटा. बाकीच्यांसोबत चार-चार माणसं, डबे. शेजारच्यानं विचारलं, "मालकीणबाई न्हाई आल्या?" म्हणालो, "येतील." का म्हणालो कुणास ठाऊक.
तासाभरानं आतून सुमीचं रडणं ऐकू आलं. जिवात जीव आला. मंग मीही रडलो.

२० मार्च
पट्ट्या, थेंब, डोळे चोळू नये म्हणून हात धरून बसणं, सगळं उरकलं. आता दिवसभर ओट्यावर बसते. समोरच्या लिंबावरचे पोपट बोटानं दाखवते. गल्लीतले म्हणतात, गुरुजी, नशीब काढलं पोरीनं.
खरंच काढलं. पण आज एक ध्यानात आलं. आधी मी नीट दिसायचो न्हाई, म्हणून ती माझे दोन्ही गाल धरायची. नाकाला नाक लावून बघायची, ओळख पटली की हसायची. दिवसातून दहादा. ऑपरेशन झाल्यापासून एकदाही न्हाई. आज मुद्दाम तिच्या जवळ जाऊन उभा राह्यलो. तिनं बसल्या जागेवरून बघितलं, हसली, परत पोपटांकडं.
डॉक्टर म्हणाले होते, नंबर थोडा परत येऊ शकतो. येऊ नये, एवढंच मागायला देवापुढं हात जोडले. तोंडातून शब्द निघेना.