धड राहिलेली स्कूटर

दत्तप्रसाद,

वर ‘चि.’ लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

आपल्याच गल्लीतल्या अकरा गाड्या तू आणि तुझ्या टोळीतल्या पोरांनी कोयत्यांनी फोडल्या. त्यांत दादामियाँची रिक्षा होती. त्याच रिक्षातून ते तुला फुकट शाळेत सोडायचे. माझी स्कूटर मात्र तू जपलीस. सगळ्या काचांमध्ये ती एकटीच धड उभी होती. तुझी बहिणीवरची माया गल्लीने डोळे भरून पाहिली.

दादामियाँ काचा झाडत होते. म्हणाले, “पूर्णिमा, गाडी बाजूला घे बेटा, टायरला काच लागेल.”

तू टोळीत का गेलास, असं पोलिसांनी विचारलं. मी म्हणाले, संगत. पाण्याचा टँकर आला की ‘मी दत्ताभाऊची बहीण’ म्हणत मीच रांगेत पुढे घुसायचे आणि घरी येऊन तुला सांगायचे. तू किती खूश व्हायचास! हे त्यांना सांगितलं नाही.

हे पत्र येरवड्याला पाठवणार नाही. आत चारचौघांत वाचून मिरवशील.

आज टँकर आला. मी मुद्दाम रांगेच्या शेवटी उभी राहिले. पुढच्या सगळ्या बायका, दादामियाँची सूनसुद्धा, मला वाट द्यायला बाजूला झाल्या.

दत्ताभाऊची बहीण