ओठ मिटणारा शब्द

३ मार्च
फॉलिंग अपार्ट! या दोन शब्दांनी दिवसभर डोकं खाल्लंय. मालिकेतली नायिका नवऱ्याला म्हणते – आय ॲम फॉलिंग अपार्ट. मराठी डबिंगसाठी ते वाक्य मला लिहायचंय. इंग्रजीचं बरं आहे, चप्पल असो, संसार असो, माणूस असो, एकच क्रियापद! आपल्याकडे भिंत ढासळते, शिवण उसवते, माणूस खचतो. 'खचलेय मी' लिहिलं. मिहिर, आमचा दिग्दर्शक, म्हणाला, "अर्थ ठीक आहे गं, पण ओठ? 'ॲम'ला मिटतात, 'अपार्ट'ला मिटतात. म, प, ब काहीतरी दे ना!"

घरी बाबा वाट बघत होते. घशाच्या ऑपरेशनपासून आवाज नाही, ओठांवरूनच ओळखते. पुन्हा तेच – पोळलो. डॉक्टर म्हणालेच होते, रेडिएशनचा शेक चालू आहे तोवर घसा पोळणार. थंड दूध दिलं. मुकाट्याने प्यायले.

४ मार्च
पोळलो. दूध.

६ मार्च
हॉस्पिटलातून शेक घेऊन येताना साकीनाक्याला शिवदासची, आमची रोजची ठरलेली, रिक्षा अडकली. तेवढ्यात बाबा तीनदा म्हणाले, पोळलो. मी चिडले – "बाबा, सहन करा ना थोडं! बाराच शेक राहिलेत." पाटी पुढे केली, लिहा म्हटलं. चहा, पंखा, लघवी, सगळं लिहितात. हे एवढं लिहीत नाहीत. त्यांनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. मग मलाच वाईट वाटलं.

७ मार्च
सापडलं! 'मी मोडून पडलेय.' ओठ बरोबर मिटतात. मिहिर म्हणाला, झकास. नायिकेचा आवाज चेतनाचा. ती काचेपलीकडे तालीम करत होती, माइक बंद. नुसते ओठ दिसत होते. 'मो' म्हणाली आणि मला दिसलं – बाबांचं तोंड!

बाथरूमच्या आरशात आवाज न करता म्हणून पाहिलं. पोळलो. मोडलो. पोळलो. मोडलो. ओठांना काही फरक नाही. जीभ आत काय करते ते कुणाला दिसतं?

ओठ बघून शब्द लावायचा पगार घेते मी! आणि बापाला तीन आठवडे दूध पाजत बसले.

८ मार्च
सकाळी विचारलं, "बाबा, मोडलात का हो?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. खूप रडले, आवाजाशिवाय. मग स्वतःहून पाटी ओढून लिहिलं – शेक पुरे.

शिवदासला फोन केला. सोमवारपासून रिक्षा नको.