माझ्यामागे मौन नको

प्रिय वन्सं,

वाकून नमस्कार. (कमरेमुळे मनातल्या मनातच वाकले आहे, गोड मानून घ्या. आणि ‘प्रिय’ लिहिलं म्हणून रागावू नका. शाळेत सिस्टरांनी लहानथोर सगळ्यांना हाच एक मायना शिकवला होता.) तुमचे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढायचा ठरला का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जे उरले आहेत ते.

वाईट बातमी आधी सांगते. आपल्या चर्चचे पेटीमास्तर गेले. तुमच्या भावाच्या मयतीला ज्यांनी रडत रडत पेटी वाजवली आणि तरी सूर चुकू दिला नाही, तेच. त्यांना निरोप द्यायला पाळकसाहेब धरून आम्ही जेमतेम पाचजण. गीत म्हणायचं तर पेटी कोण वाजवणार? वाजवणारे समोर आडवे. शेवटी पाळकसाहेबांनी फोनवर गीत लावलं. दुसऱ्या कडव्यात ते मध्येच थांबलं आणि एक बाई केसांच्या तेलाची जाहिरात करू लागली. ती बंद कशी करायची ते एकालाही येईना. (सगळ्यांत तरुण मी, यावरून काय ते ओळखा.) तेल संपेपर्यंत आम्ही माना खाली घालून उभे राहिलो. खड्डा खणणाऱ्याला तोही प्रार्थनेचाच भाग वाटला असावा, कारण त्याने टोपी काढली. मास्तरांना टक्कल होतं हो!

रविवारी आता चार डोकी जमतात. बाकीच्यांचा देवावर राग आहे असंही नाही. वाटेत भेटले की म्हणतात, “काकू, आमचं देवाशी डायरेक्ट आहे.” मध्ये पाळक नको, बाक नको, शेजारी खोकणारी बाई नको. त्यामुळे महिनाअखेर चर्च बंद होणार आणि तो हॉल कायमचा ध्यानवर्गाला जाणार. संध्याकाळी तो वर्ग तिथे भरतोच. आमच्या सूनबाई नेमाने जातात. मास्तर गेल्यापासून मी घुम्यासारखी बसून असते म्हणून परवा मलाही घेऊन गेल्या.

वन्सं, हॉल भरलेला होता! माझ्या लग्नातही एवढी माणसं नव्हती. आपले बाक भिंतीला टेकवून ठेवलेले आणि जमिनीवर चटयाच चटया. प्रत्येकाची आपली चटई, आपली बाटली, आपले मिटलेले डोळे. शिकवणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मनातलं सगळं सोडून द्या…” आणि थांबली. आता त्या हॉलमध्ये समोरचं माणूस थांबलं की आपण उत्तर द्यायचं, ही सवय माझ्या हाडात मुरलेली. मी खणखणीत “आमेन” म्हटलं. तिने एक डोळा उघडला. पुढे म्हणाली, “श्वास सोडा…” मी, “आमेन.” तिसऱ्या खेपेला मागून कुणी एक पुरुष म्हणाला, मग आणखी दोघं-तिघं. सूनबाईंचे कान लाल झाले.

नंतर त्या मुलीने मला बाजूला घेतलं. “आजी, इथे ज्याचा त्याचा प्रवास असतो.” मी म्हटलं, “असू दे ना गं. पण वाटेत कुणी पडलं तर?” तिने माझा हात हातात घेतला. हात छान ऊबदार होता, पण लगेच सोडून ती पंखे बंद करायला गेली. निघताना माझ्या शेजारच्या चटईवाल्या बाईला मी विचारलं, “तुमच्या पलीकडची चटई आज रिकामी का हो? कोण बसतं तिथे?” म्हणाली, “कोणीतरी बसतं खरं.” वर्षभर मांडीला मांडी लावून बसतात! आठवतं ना, मी एक रविवार चुकवला की संध्याकाळी तुम्ही तिघी-चौघी दारात हजर. चहा पिऊन, माझ्या पडद्यांना नावं ठेवून मगच उठायच्या. काय वैताग यायचा मला! आता दाराची कडी वाजली की वीजबिलवाला असतो.

घरी आल्यावर सूनबाई (पोर गुणाची आहे, तक्रार नाही) मायेने म्हणाल्या, “आई, मास्तरांसारखी फजिती तुमची नाही होऊ देणार. तुमच्या वेळी आम्ही सगळे मौन बसू. ज्याने त्याने आपापल्या मनात तुम्हाला आठवायचं.” वन्सं, सासूबाई होत्या तोवर मी मौनात होते, नंतर तुमच्या भावाला दुपारची झोप लागावी म्हणून मौनात होते, आता चिरंजीवांची ऑफिसची मीटिंग घरातूनच चालते म्हणून मौनात आहे. मेल्यावरही तेच?

असो. तब्येतीला जपा. रागावला नसाल तर उत्तर धाडा, रागावला असाल तर लवकर धाडा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. तुम्ही पहिल्या बाकावरून गायला लागलात की कौलांवरची कबुतरं उडत आणि मी रुमालात तोंड खुपसून हसत असे. तुम्हाला ते ठाऊक होतं, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही सुरू केलंत की गप्प बसायची कुणाची टाप नव्हती. निदान तुमचा आवाज झाकायला तरी सगळे जीव तोडून गात. माझ्या वेळी तेवढं या. सुराची अट नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की तुम्ही माझ्याहून चांगल्या सहा वर्षांनी मोठ्या आहात. म्हणजे हा बेत काही धड नाही. तेव्हा या महिन्याच्या शेवटच्या रविवारीच या, चर्चमधली शेवटची उपासना आहे. मी जिवंत असतानाच काय ते गाऊन घ्या. मेल्यावर ऐकू येतं की नाही, हे हल्ली पाळकसाहेबही छातीठोकपणे सांगत नाहीत.