न उठणाऱ्या लॅपटॉपबाबत

राजेश्वर, ता. बसवकल्याण
चैत्र वद्य चतुर्थी

चि. प्रणेश यास राजेश्वरहून आईबाबांचे आशीर्वाद. आम्ही दोघेही ठीक. तुझ्या आईचा गुडघा थंडीत दुखत होता, तो आता उन्हातही दुखतो, म्हणजे त्याने ऋतूंमध्ये भेदभाव करणे सोडले आहे. तुझी पाठ कशी आहे? सिडनीत आता गारवा सुरू झाला असेल. स्वेटर घालत जा. (बॅगेच्या तळाला आहे. तुझ्या आईने ठेवला होता, तू अजून पाहिला नसशील.)

पत्राचे कारण लॅपटॉप. फोनवर हा विषय काढला की तुला मीटिंग लागते, आणि पत्राला मीटिंग आडवी येत नाही. मी उभी हयात तालुका कचेरीत काढली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कोणतेही प्रकरण पूर्वपीठिकेशिवाय वर पाठवायचे नाही, ही आमची शिस्त. म्हणून मुळापासून लिहितो, कंटाळू नकोस.

दिवाळीला आलास तेव्हा तुझा जुना लॅपटॉप इथे ठेवून गेलास. आत लिनक्स घातलेस आणि बजावलेस की झाकण मिटले की हा झोपतो, उघडले की उठतो. पैकी पहिले काम तो निष्ठेने करतो. दुसऱ्याच्या नावाने मात्र ठणठणाट. झाकण उघडले की पडदा उजळतो, तुझा फोटो येतो, खाली तुझे नाव, त्याखाली पासवर्डची चौकट, आणि तिथेच सगळे थिजते. बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही, आत पंखा तेवढा फिरत राहतो. बटण दाबून धरून त्याचा जीव घेतला तरच तो पुन्हा जन्म घेतो आणि पुढचे झाकण मिटेपर्यंत नीट चालतो.

मग मिटता कशाला, असे तू विचारशील. मी मिटत नाही, तुझी आई मिटते. निर्ण्याला तिच्या माहेरी दंडक होता, की वाचणारा जागचा उठला तर पोथी उघडी टाकायची नाही. वाचलेले वाया जाते. तिच्या लेखी उघडे झाकण म्हणजे उघडी पोथी. दूध उतू जाऊ दे, दारात कोणी येऊ दे, ती उठताना आधी लॅपटॉप मिटते, वर लाल रुमालही गुंडाळते. (रुमाल पोथीचाच. पोथी सध्या उघड्या अंगाने फळीवर आहे.)

येळवसच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सणादिवशी हेच झाले. शेतात जायच्या आधी तू कॅमेऱ्यात दिसत होतास, आठवते ना? तुला सणाची पालेभाज्या-शेंगांची भज्जी दाखवायची म्हणून ती पातेले आणायला आत गेली, आणि जाताना सवयीने तुला मिटून गेली. परत येऊन उघडते तर फोटो, नाव, चौकट. पातेले हातात धरून ती बराच वेळ त्या चौकटीसमोर उभी होती. त्यानंतर तू आम्हाला दिसलेला नाहीस. लॅपटॉप नीट झाला की निवांत बोलू, असे तू म्हणालास, म्हणून पुढील चौकशी मी स्वतः हाती घेतली.

प्रथम बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या गुरुपादय्याला दाखवले. तो म्हणाला, "साहेब, हे विंडोज न्हाई. कामून ठिवलाव हे? काढून टाकतो, दुसरं घालतो." मी मान हलवणार, तोच तुझी आई म्हणाली, प्रणेशनं हातानं घातलंय, ते निघणार न्हाई. लॅपटॉप रुमालात बांधून आम्ही घरी आलो. दूध घालणाऱ्या अंबुबाईंचे मत वेगळे पडले. "अक्का, झोपलेलं जनावर एकदम उठवलं की बावचळतंय. पाठीवरनं हात फिरवून हळू उठवा." तेव्हापासून झाकणावरून हात फिरवल्याशिवाय तुझी आई ते उघडत नाही. (गुण आलेला नाही.) तू फोनवर सांगितलेला कंट्रोल, आल्ट आणि एफ-वन एकदम दाबण्याचा उपायही केला. एक बोट माझे, दोन तिची. काहीच झाले नाही. तेही कळवले, तेव्हा नंतर बघतो म्हणालास.

सध्याची स्थिती अशी. दर रविवारी मी बटणाने तो चालू करून देतो. ती समोर बसते, कधीतरी उठते, उठताना मिटते. मग दिवसभर म्हणत राहते, की तेवढ्यातच त्याचा फोन आला असेल, तो तिकडून हाका मारत असेल, मशीन उठेना त्याला तो तरी काय करणार. इतर दिवशीही संध्याकाळी एकदा उघडते. तुझा थिजलेला फोटो बघते, आहे, बरा आहे, असे म्हणते आणि मिटते. मी या बाबतीत तटस्थ आहे. मला यंत्र चालण्याशी मतलब. तरी बिघाडाचे कारण व उपाय सवडीने कळवावा.

तुझा,
बाबा

ता.क. वरील मजकूर लिहून पाकीट टाकायचे राहिले, तेवढ्यात माझ्या बहिणीची भार्गवी येऊन गेली. ती बीदरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने पाहिले आणि म्हणाली, "मामा, ह्याचं कर्नल, म्हंजे लिनक्सचा आतला गाभा, जुनं आहे. पडद्याच्या ड्रायव्हरशी त्याचं जमंना, म्हणून उठताना अडकायलंय." तिने नवे घातले. आम्ही पुन्हा पुन्हा मिटून उघडून पाहिले, लॅपटॉप दर वेळी टुणकन उठला. तेव्हा उपाय कळवण्याची गरज नाही.

दुसरा ता.क. हे मी तुझ्या आईला सांगितलेले नाही. ती स्वयंपाकघरात होती, भार्गवीलाही गप्प राहायला सांगितले. बिघाड आहे तोवर तू हाका मारतो आहेस. बिघाड नाही म्हटले, तर तिला रविवारी काय सांगू? ज्या रविवारी तू दिसशील, त्या रविवारी लॅपटॉप दुरुस्त झाला असे मी जाहीर करीन. कोणता रविवार ते तू ठरव, पण लवकर ठरव. पाकीट डकवायला तिच्याकडेच देतो आहे. काळजी नको, लग्नापासून माझे अक्षर तिला लागलेले नाही.

प्रणेशा, आईचा आशीर्वाद. ह्यांचं अक्षर मला चांगलं लागतं. मशीन उठायलंय हे मला भार्गवी येऊन गेली त्याच दिवशी संध्याकाळी कळालं. तुझ्या फोटोखाली बाण हलला. मी बोलले न्हाई. मशीन बिघडलंय म्हटलं की ह्यांना जरा बरं वाटतं. न्हाईतर रविवारी पहाटेच आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्या मागच्या खुर्चीत बसायलेत, पेपर उलटा धरून. तू आला न्हाईस की भूक न्हाई म्हणतात. म्हणून मीच काहीतरी निमित्त काढून उठते आणि झाकण मिटते. म्हणजे चूक माझी होते, तुझी होत न्हाई. आता किती दिवस मिटू? फोन कर बाळा. ह्या रविवारपासून मी उठणार न्हाई.