उजव्या खांद्यावरचा पट्टा

१४ नोव्हें.
नाल्याजवळच्या कडुनिंबाला बांधलेला कॅमेरा वैशालीनं आज उघडला. शाळेपासूनची मैत्रीण, आता अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. रानडुकरं, साळिंदर, आणि एक तरस. मागे पिल्लू. आमच्या संत्र्याच्या बगीच्यात!
वै. म्हणाली, प्रत्येक तरसाचे पट्टे वेगळे, डावी-उजवी बाजूसुद्धा सारखी नसते. आपल्या तरसाची उजवी बाजू मिळालीय, खांद्यावरचा पट्टा मधेच फाटलेला, चिमट्यासारखा.
मामाजींना दाखवला फोटो. "अपशकुनी जनावर हाय सुनबाई, पाहू नोको." मग चष्मा पुसून स्वतःच पुन्हा पाहिला.

२० नोव्हें.
डुकरांनी पुन्हा ड्रिपच्या नळ्या उपटल्या. मामाजी वरूडहून तार घेऊन आले, कुंपणात करंट सोडायचा म्हणतात. मी म्हटलं, ते पिल्लूवालं त्याच वाटेनं...
"मंग झाडं वाळू देऊ काय?"
खोटं नाही तेही. दोघंही नीट जेवलो नाही.

२३ नोव्हें.
शेजारच्या शेतात करंट लागून तरस मेलं. शाळेत शिकवत होते, वर्ग सोडून धावले. मामाजी न बोलावता मागे.
उजव्या कुशीवर पडलेलं, नेमका तोच खांदा खाली. वनरक्षक म्हणाला, "हात लावू नोका म्याडम."
मामाजी त्याला म्हणाले, "भाऊ, येक डाव पालटवून दाखव. सुनबाईले पाहू दे."
त्यानं पंचनाम्याचे कागद बाजूला ठेवले, दोघांना बोलावून पालटवलं. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं. देव त्याचं भलं करो.
खांद्यावरचे पट्टे अखंड. आपलं नाही.
बरं वाटलं, आणि लगेच लाज. हेही कुणाचं तरी असेलच.

२४ नोव्हें.
मामाजींनी तार परत केली. दुकानदारानं कारण विचारलं तर म्हणाले, "वायरले काय समजते, डुक्कर कोन अन् तरस कोन." आता रात्री बगीच्यात राखणीला जातात, या वयात.
सकाळी मी त्यांच्या पाया पडले. "काहून वं, आज काय हाय?" चहात साखर जास्त टाकली, तीही गुमान प्याले.

९ डिसें.
कॅमेऱ्यात फक्त पिल्लू. चांगलं धष्टपुष्ट, मान वळवून झाडीकडं बघतंय. झाडी काळी, काही दिसत नाही. वै. म्हणते, मोठं मागेच असेल, किंवा नसेलही. मामाजींनी चष्मा पुसून फोटो पाहिला. म्हणाले, "पोट तं भरलेलं दिसते. कोनीतरी चारून राहिलं त्याले."