पाटीवरचं गाव

अमुगेताई,

सूर्यफुलाचं तेल काढणारे चौदा घाणे, दोन मळणीयंत्रं आणि ट्रकच्या जुन्या अ‍ॅक्सलमधून कातलेले, घाण्यात बी पिळणारे बावीस स्क्रू, एवढं या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही.

पहिल्या घाण्यावर मात्र मी ‘कंपाला’ अशी पाटी ठोकली होती. आपल्या लिरा गावात बनलेलं यंत्र लिरातलेच लोक घेईनात. ओमारामामांनी तो घाणा राजधानीचा समजून विकत घेतला आणि मलाच सुनावलं, “बघ, याला म्हणतात काम! शीक जरा.” मी मान हलवली. त्याची लाज अजून जात नाही. पुढच्या तेरांवर ‘लिरा’च कोरलं. त्यातला पहिला विकायला दीड वर्ष लागलं. आता इथल्या बियांचं तेल इथेच निघतं.

हे पत्र पाठवलं तर तू मामांना वाचून दाखवशील, म्हणून ते माझ्याकडेच राहील.

तू पाठवलेले कंपालाचे व्यापारी परवा आले. तुझी माणसं म्हणून दोनदा चहा पाजला. म्हणाले, “काम फक्कड आहे, मिस्त्री. पाटी तेवढी कोरी ठेवा, नाव आम्ही घालू.”

मी नाही म्हटलं. वीस घाण्यांचे आठ कोटी शिलिंग देत होते.

तुझा,
ओबुआ, लिरा